सकाळचा क्लब, संध्याकाळचा क्लब

मंगरूळपीरला राहायला आलो तेव्हा त्या अख्ख्या गावात घरच्यांशिवाय मला ओळखणारं एकच जनावर होतं, ते म्हणजे मानोऱ्याकडून आमच्याबरोबर टेम्पोत बसून आलेलं आमचं कुत्रं. तेही आठ दिवसांत शेजारच्या मळ्यावर जेवायला जाऊ लागलं. बाबांनी गावाच्या कडेला दोन एकर ओलिताचं वावर बटईनं केलं होतं. मालक गावात राहायचा, विहीर त्याची, मोटर त्याची, मेहनत आमची. पोहरादेवीच्या अलीकडच्या आमच्या गावात विहिरीला पाणी राहिलं नव्हतं आणि बाबांना भाजीपाल्याशिवाय दुसरं काही मनापासून येत नव्हतं, म्हणून आम्ही उठलो. वावरातच टिनाच्या दोन खोल्या होत्या. उन्हाळ्यात त्या खोल्यांत भाकर न भाजताही भाजली असती. शाळेत मला कुणी नावानं हाक मारत नव्हतं, मी नुसता ‘मानोऱ्याचा’ होतो. मधल्या सुट्टीत मी नळावर जाऊन उगाच पाणी पीत राहायचो, म्हणजे काहीतरी करतोय असं दिसावं. चार महिने असं पाणी पिऊन काढले. एकटेपणाचं हे दुःख मी घरात कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्याइतका वेळ कुणाकडेच नव्हता.

भाजीपाल्याचं घर म्हणजे झोपेशी वाकडं. माय सगळ्यात आधी उठायची. चुलीत कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या मोडल्याचा आवाज, मग मोटर सुरू झाल्याची घरघर, मग लांबून मशिदीतली अजान, आणि त्यानंतर बाबांचं खाकरणं, या क्रमात कधी बदल झाला नाही. उजाडता उजाडता बाजारात हर्रास व्हायचा, म्हणजे भाजीचा लिलाव. त्याआधी पोती, टोपल्या हातगाडीवर लादून न्याव्या लागत. बाजार दोनेक किलोमीटर, त्यात एक चढ. बाबा पुढून ओढायचे, मी मागून ढकलायचो. तिकडून परत येऊन मी साडेसातच्या शाळेत. साडेबाराला सुटून घरी आलो की चून-भाकर किंवा आंबाडीची भाजी, वर हिरवा ठेचा, आणि मग जरा आडवं व्हायचं. ऊन कललं की दुसऱ्या दिवशीच्या बाजाराची तयारी. मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर), पालक हे सगळं ऊन उतरल्यावरच उपटायचं, मुळं धुवायची, जुड्या बांधायच्या आणि ओल्या पोत्यावर उभ्या ठेवायच्या, हवा लागेल अशा. कंबर तुटायची. आजही कुणाच्या ताटात मेथीची भाजी पाहिली की मला आधी कंबर आठवते, चव मागून.

सांजच्या या कामात माय रोज असायचीच. मी आणि माझी मोठी बहीण सुमनताई, आम्ही पाळी लावून घेतली होती. ताई बारावीला होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. आमच्या जुन्या गावच्या दवाखान्यातली नर्सबाई तिनं लहानपणी पाहिली होती आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच होतं. गावातले एक सर संध्याकाळी घरीच विज्ञानाचा क्लास घ्यायचे, आठवड्यातून तीन दिवस. त्या तीन दिवशी मी उपटायचो आणि ताई वही छातीशी धरून गावात जायची. उरलेल्या दिवशी ती उपटायची आणि मी मोकळा. मोकळा म्हणजे काय, तर कुत्रं शोधत फिरायचो.

अशाच एका मोकळ्या संध्याकाळी मला ते मैदान सापडलं. फुटबॉल मला आधीपासून येत होता. मानोऱ्याकडे आश्रमशाळेतल्या तांड्यावरच्या पोरांबरोबर मी चिक्कार खेळलो होतो, अनवाणी, आणि डाव्या पायानं. मैदानाच्या कडेला उभा राहून पाहत होतो, तेवढ्यात चेंडू माझ्याकडे आला. मी तो परत मारला. मारला तो असा की पलीकडचा उंच माणूस थांबला आणि त्यानं नाव विचारलं. मी म्हणालो, विनायक. तो म्हणाला, विनायक, उधर डावीकडे जाऊन उभा राह्य. बस. गाव कोणतं, बाप काय करतो, काही नाही. चार महिन्यांनी मला कुणीतरी नावानं हाक मारली होती. मी त्या माणसाचा तिथल्या तिथे गुलाम झालो. त्याचं नाव इक्बालभाई. बसस्टँडजवळ त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं.

गावात क्लब दोन होते. कागदावर दोघांची मोठमोठी इंग्रजी नावं होती, पण सारं गाव एकाला सकाळचा क्लब म्हणायचं आणि दुसऱ्याला संध्याकाळचा. सकाळचा क्लब शाळेतले खेळाचे सर चालवायचे. तिथे नंबर टाकलेले शर्ट होते, बूट होते, आणि पळणं फार होतं. चेंडू म्हणे रविवारीच बाहेर निघायचा. संध्याकाळचा इक्बालभाईचा. तिथे शर्ट नव्हते, पण चेंडू रोज होता. ब्लॅडर फुटला की इक्बालभाई ट्यूबचं पंक्चर काढतात तसं तिथेच काढायचा. अलीकडे माझ्या नातीला वाशीमला फुटबॉलला टाकायचं चाललंय. तिथेही दोन आहेत, दोघांचे व्हॉट्सअॅप ग्रुप, फोटो, फीचे तक्ते. मुलगा मला फोनवर विचारतो, बाबा, तुम्ही तर खेळलेले आहात, कोणता बरा? मी म्हणतो, मला नको विचारू. तो समजतो म्हातारा वैतागलाय. वैतागलोच आहे, पण त्याच्यावर नाही.

मी घरी क्लबचं काढलं तेव्हा बाबा नाही म्हणाले नाहीत. याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही, आता वाटतं. ते म्हणाले, पाहून तर येऊ. बियाणं घेण्याआधी दुकानात मूठभर हातावर घेऊन फुंकून पाहायचे, तसे ते दोन्ही क्लब पाहायला निघाले. धुतलेलं धोतर, टोपी. माझी लाजेनं मान खाली. सकाळच्या मैदानावर त्यांनी सरांना शर्टाबद्दल विचारलं नाही की बुटाबद्दल नाही. एकच विचारलं, पोरगा एखाद्या दिवशी कामामुळे आला नाही तर काय? सर म्हणाले, काही हरकत नाही, आपली सगळी कामधंद्याच्या घरची पोरं आहेत. संध्याकाळी तोच प्रश्न इक्बालभाईला. इक्बालभाई पंपानं हवा भरत होता. हवा भरता भरताच तो म्हणाला, “आना है तो रोज आना पडता काका. तीन दिन नही आया, तो उसकी जगह दुसरा पोरगा खडा राहतो.” बाबांनी मान हलवली. मला मात्र ते ऐकून तिथेच राहावंसं वाटलं. जिथे आपण नसलो तर कुणाला फरक पडत नाही तिथे काय जायचं? जिथे आपली जागा आहे, आणि ती जाऊही शकते, तिथेच जायचं. चौदा वर्षांच्या पोराला एवढंच कळतं.

जेवताना बाबा म्हणाले, “सकाळचा धर, इनू. हर्रासाले मी जाईन एकटा.” मी विचारलं, चढावर गाडी कोण ढकलेल? ते म्हणाले, ओढीन मीच, थांबत थांबत. त्यांची कंबर तेव्हाच गेलेली होती, माय रात्री तेल चोळायची, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मी त्याच कंबरेचा आधार घेतला. म्हणालो, तुमच्या कंबरेला त्रास नको बाबा, मी हर्रासाला येतच जाईन, मी संध्याकाळचाच क्लब धरतो. फार गुणी पोरासारखं बोललो. मायनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलंही. आणि संध्याकाळचं उपटणं? त्यावर मी म्हणालो, ते मी दुपारीच उरकून टाकीन, माझ्या पाळीच्या दिवशी. ताई वरणात भाकर कुस्करत होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा कुस्करू लागली. आता कळतं की बाबांनी दोन्ही क्लब नीट फुंकून पाहिले होते. सकाळचा धरला असता तर भार त्यांच्यावर पडला असता, संध्याकाळचा धरला तर ताईवर पडणार होता. त्यांनी स्वतःचं नाव पुढे केलं होतं. मी ते मागे सारलं.

ते सुरुवातीचे दीड-दोन महिने मात्र, खरं सांगतो, माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. इक्बालभाई ओरडायचा कमी आणि बघायचा जास्त. मी चुकलो की तो नुसता ‘विनायक’ म्हणायचा, आणि मला माझी चूक सापडायची. दिवस मावळताना मगरिबची अजान झाली की खेळ थांबायचा. अर्धी पोरं नमाजला जायची, अर्धी आम्ही भिंतीवर बसून शेंगदाणे खायचो, आणि मग सगळे एकत्र सायकली ढकलत बसस्टँडपर्यंत. शेलूबाजारच्या जीपवाल्यांचं ओरडणं, भज्यांच्या कढईचा वास, घामाचा वास. शाळेतही पोरं नावानं बोलावू लागली. आता नळावर पाणी पिऊन वेळ काढावा लागत नव्हता.

फक्त पाळीच्या त्या तीन दिवशी घाई व्हायची. शाळेतून आलो की भर उन्हात मी मेथी उपटायला बसायचो. थंडीचे दिवस होते तोवर खपून गेलं. माघ लागला आणि दुपारचं ऊन तापलं. एका दुपारी मेथी माझ्या हातातच मान टाकू लागली. ती ताजी दिसावी म्हणून मी तिच्यावर भरपूर पाणी मारलं, घट्ट जुड्या बांधल्या, आणि उभ्या मांडायला वेळ नव्हता म्हणून पोत्यात दाबून भरून वर ताडपत्री टाकून मैदानाकडे पळालो. माय त्या दिवशी मालकाकडे धान्य निवडायला गेली होती. भाजीपाल्याच्या घरातलं शेंबडं पोरगंही सांगेल की उन्हातला पाला ओला करून दाबला की तो आतून तापतो. आमच्याकडे त्याला उबणं म्हणतात. मलाही माहीत होतं. माहीत असूनही केलं, कारण त्या संध्याकाळी इक्बालभाई वाशीमच्या सामन्यासाठी पोरं निवडणार होता. त्यानं मला निवडलं. घरी परत आलो ते हवेत. पोतं उघडून पाहिलं नाही.

आता हर्रासाची एक रीत सांगितली पाहिजे. नव्या माणसाचं पोतं घेणारे खालपर्यंत उपसून पाहतात. जुन्या, भरवशाच्या माणसाच्या पोत्यातल्या वरच्या दोन जुड्या काढतात, हलवतात आणि बोली लावतात. आम्ही आलो तेव्हा बाबांचं पोतं रोज जमिनीवर पालथं व्हायचं. बाबा मुकाट्यानं पुन्हा भरायचे. पाच-सहा महिन्यांनी एका सकाळी हमीदाबी नावाच्या म्हाताऱ्या भाजीवालीनं वरच्या दोन जुड्या पाहिल्या आणि म्हणाली, रहने दो, इनका माल मालूम है. त्या दिवशी घरी येताना बाबांनी जिलेबी घेतली होती. कारण कुणालाच सांगितलं नाही, पण मी तिथेच उभा होतो, मला माहीत होतं.

त्याच हमीदाबीनं ते पोतं घेतलं. वरच्या दोन जुड्या बऱ्या होत्या. आम्ही दुसऱ्या मालाजवळ उभे होतो, तोच ती पोतं ओढत परत आली आणि सगळ्यांसमोर तिनं ते पालथं केलं. आतून गरम वाफ आली. पाला पिवळा पडून चिकट झालेला, वास असा की बाजूचे दोघे सरकले. हमीदाबी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “भाऊ, तुमच्या नावावर घेतली होती मी.” बाबा खाली बसले. एक जुडी त्यांनी हातात घेतली, पिळून पाहिली. मी त्यांच्या मागे, गाडीचा दांडा धरून. मला वाटलं आता माझ्याकडे वळतील. ते उठले आणि म्हणाले, “मीच भरलं, बाई. माहीच चूक झाली.” चार लोकांत म्हणाले. मी तोंड उघडलं नाही. पुढचे दोन दिवस बाबांनी तिला निवडक मेथी घरी नेऊन दिली, पण बाजारानं जे पाहायचं ते पाहिलं होतं. तिसऱ्या दिवसापासून आमचं पोतं पुन्हा खालपर्यंत उपसलं जाऊ लागलं, आणि बाबा पुन्हा मुकाट्यानं भरू लागले.

घरी ते मला एवढंच म्हणाले की उन्हात उपटत नको जाऊ. शिव्या दिल्या असत्या, दोन लगावल्या असत्या, तर मी मोकळा झालो असतो. मी पुढच्या आठवड्यात पाळीच्या पहिल्या दिवशी मैदानावर गेलो नाही. घरी राहून ऊन उतरल्यावर उपटलं, जुड्या उभ्या मांडल्या. पाळीच्या दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. मधल्या मोकळ्या दिवशी जायला हवं होतं, तर शरमेनं तेव्हाही गेलो नाही. म्हणजे झाले तीन. चौथा दिवस मैदानाच्या सुट्टीचा होता, तेव्हा इक्बालभाईनं शाळेतल्या एका पोराबरोबर निरोप पाठवला की उद्या आला नाहीस तर वाशीमला दुसरा जाईल. उद्या म्हणजे ताईच्या क्लासचा दिवस.

त्या संध्याकाळचं मला सगळं आठवतं. मी खोलीत बसून होतो. जायचं नाही हे ठरवलं होतं, आणि ठरवूनही पायात चप्पल होती. ताई दुपारी कॉलेजातून येऊन वही काढून बसली होती, वेणी घातली होती, क्लासला निघायची तिची वेळ झाली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या चपलेकडे पाहिलं. मग तिनं वही पत्र्याच्या पेटीवर ठेवली, ओढणी कमरेला गुंडाळली आणि मेथीच्या वाफ्यात जाऊन बसली. पाठ माझ्याकडे. मी दारात उभा राहिलो. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं, निदान ‘ताई, तुझा क्लास?’ एवढं तरी. पण ते विचारलं आणि ती म्हणाली, हो रे, क्लास आहे, ऊठ तू, तर? ती भीती होती. तिचं उत्तर ऐकायला नको म्हणून मी प्रश्नच विचारला नाही. वाफ्याच्या कडेकडेनं निघालो आणि रस्त्याला लागल्यावर पळत सुटलो.

वाशीमला आम्ही हरलो. त्याचं काही विशेष नाही. विशेष हे की त्यानंतर पाळी राहिलीच नाही. पुढच्या क्लासच्या दिवशी ताई आपणहून वाफ्यात बसली आणि मी आपणहून निघालो. परीक्षेपर्यंत ती क्लासला गेली ती मोजून दोन-चारदा, मायला एकटीला उरकेल इतका माल कमी असेल तेव्हा. मायनं एकदा विचारलं की सुमे, क्लास बंद झाला का, तर ती म्हणाली, घरीच होते वाचून. बारावी ती पास झाली. पण नर्सिंगला लागतात तेवढे मार्क पडले नाहीत, विज्ञानातच गेले. दोन वर्षांनी तिला शेलूबाजारला दिली. माणसं चांगली मिळाली. नवऱ्याबरोबर तिनं शेती केली, दोन्ही पोरं शिकवली. सुखी आहे असं सगळे म्हणतात, मीही म्हणतो. तिच्या गावात कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं, सलाईन बदलायचं असलं की लोक सुमनबाईला हाक मारतात. कुठे शिकली कुणास ठाऊक. मला ते कुणी कौतुकानं सांगितलं की मी विषय बदलतो.

आणि मी? चार वर्षं डाव्या कडेनं पळालो. पुढे महामंडळात कंडक्टर लागलो, त्यात फुटबॉलचा काही संबंध नव्हता. इक्बालभाई गेला तेव्हा खांदा द्यायला मी होतो, त्याचं मला समाधान आहे. दोन्ही गुडघे गेलेत, जिना चढताना कठड्याला धरावं लागतं. बाबांना मी पुढे, नोकरी लागल्यावर, एकदा म्हणालो होतो की त्या मेथीचं मी हमीदाबीला सांगायला पाहिजे होतं. ते म्हणाले, “जाऊ दे ना आता, काहून काढतं ते.” त्यांनी माफ केलं की थकून सोडून दिलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. मीही आता इतका थकलोय की दोन्ही सारखंच वाटतं.

हे प्रकरण लिहायला बसलो तर एका ठिकाणी अडलो. ताईचा क्लास कोणत्या वारी असायचा ते आठवेना. तीन दिवस होते एवढं पक्कं, पण कोणते तीन? माझ्या प्रॅक्टिसचे सहाही वार पाठ, सुट्टीही पाठ, हे मात्र कोरं. म्हटलं, लिहायचं तर खरं लिहू, आणि ताईला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून मी म्हणालो, ताई, ते मंगरूळचे सर होते ना, त्यांचा क्लास कोणत्या वारी राहायचा गं?

ती क्षणभरही थांबली नाही. “सोमवार, बुधवार, शुक्रवार,” ती म्हणाली. “साडेपाच ते सात.” मग तिनंच विचारलं, काहून रे? मी म्हणालो, लिहून राह्यलो जरा, तेव्हाचं. तिच्या मागे कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत होता.

“तुनं तवा मले इचारलं असतं ना इनू,” ती म्हणाली, “त मी जा म्हनलंच असतं. तू लहान होता, एकटा पडला होता, मले दिसत होतं ना. मी दारातल्या तुह्या पायाचा आवाज ऐकून राह्यली होती. म्हनलं, आता हा इचारते. आता इचारते. तुनं इचारलंच नाई.”

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर कागदावर वार लिहून घेतले. इतक्या वर्षांत मी तिला विचारून विचारून विचारलं ते काय, तर वार.